डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन : कामगारांचे हात तपासणाऱ्या डॉक्टर



मागच्या हिवाळ्यात पालक सभेला माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील आले होते. ते रस्ता फोडायच्या ब्रेकर मशीनवर काम करतात. सही करायला पेन दिला, तर तो दोनदा बोटांतून निसटला. थंडीत सकाळी बोटं पांढरी पडतात, बधिर होतात, मग हळूहळू ताळ्यावर येतात, असं ते हसत सांगत होते. हातमोजे घालत जा, एवढं सांगून मी पुढच्या पालकांकडे वळले. नंतर वाचन करताना समजलं, की माझा सल्ला फारच अपुरा होता. आणि या बोटांमागचं कारण एका बाईने शंभर वर्षांपूर्वीच शोधून ठेवलं होतं! आज त्यांचीच ओळख करून घेऊ या.

बालपण आणि शिक्षण

अ‍ॅलिस हॅमिल्टन यांचा जन्म २७ फेब्रुवारी १८६९ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. बालपण मात्र अमेरिकेतल्याच इंडियाना राज्यातील फोर्ट वेन या गावी गेले. सुरुवातीचं शिक्षण घरीच झालं. भाषा आणि साहित्य भरपूर, पण विज्ञान जवळजवळ नाहीच. त्यांची थोरली बहीण एडिथ पुढे ग्रीक संस्कृतीवरील पुस्तकांमुळे प्रसिद्ध झाली. वडिलांचा किराणा मालाचा घाऊक व्यापार बुडाला, तेव्हा मुलींनी स्वतःच्या पायावर उभं राहायचं ठरवलं. अ‍ॅलिस यांनी डॉक्टर व्हायचं मनावर घेतलं. विज्ञान कच्चं, म्हणून भौतिक आणि रसायनशास्त्राची शिकवणी लावली आणि १८९३ मध्ये मिशिगन विद्यापीठातून त्या डॉक्टर झाल्या. पुढे जर्मनीत शिकायला गेल्या. तिथे स्त्री म्हणून रीतसर प्रवेश नव्हता. कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही अशा बेताने वर्गात बसावं लागे.

गरिबांच्या वस्तीत मुक्काम

१८९७ मध्ये त्या शिकागोला प्राध्यापक म्हणून आल्या आणि राहायला गेल्या हल हाऊसमध्ये. जेन अ‍ॅडम्स यांच्या पुढाकाराने सुरू झालेलं हे सेवाकेंद्र गरीब स्थलांतरित कामगारांच्या वस्तीत होतं. अ‍ॅलिस यांनी तिथे तान्ह्या बाळांसाठी दवाखाना चालवला. शेजारीपाजारी राहणाऱ्या कामगारांचे आजार रोज समोर दिसत होते. माणूस कुठे काम करतो, हे डॉक्टरने विचारलंच पाहिजे, ही गोष्ट त्यांच्या मनात इथेच पक्की झाली.

१९१० मध्ये इलिनॉय राज्याने त्यांच्यावर शिशाच्या विषबाधेच्या पाहणीचं काम सोपवलं. मालक सांगायचे, आमच्याकडे कुणी आजारी नाही. अ‍ॅलिस तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्या कारखान्यात तर गेल्याच, शिवाय दवाखान्यांच्या नोंदी पाहिल्या, कामगारांच्या घरी गेल्या, त्यांच्या बायकांशी बोलल्या. शिसे कामगारांच्या अंगात जातं कसं, हे त्यांनी पुराव्यानिशी मांडलं. १९११ मध्ये त्या राज्यात व्यवसायजन्य आजारांविषयी कायदा झाला.

बेडफर्डची पांढरी बोटं

आता आपल्या मूळ विषयाकडे येऊ. इंडियानातील बेडफर्ड हे गाव चुनखडीच्या दगडासाठी प्रसिद्ध. पूर्वी तिथले पाथरवट साध्या हातोडी-छिन्नीने दगड घडवत. मग हवेच्या दाबावर चालणारा एअर हॅमर आला. मिनिटाला हजारो ठोके! काम झपाट्याने होऊ लागलं, पण थंडीत कामगारांची बोटं पांढरी पडू लागली. हे हातोड्यामुळेच होतं, असं कामगार सांगत होते.

१९१८ मध्ये अमेरिकन सरकारच्या कामगार खात्यासाठी अ‍ॅलिस यांनी बेडफर्डच्या पाथरवटांचे हात तपासले. बहुसंख्य जणांना हा त्रास निघाला. त्यातही डावा हात जास्त बाधित होता. का बरं? उजव्या हातात हातोडा असतो आणि डाव्या हाताने थरथरणारी छिन्नी घट्ट धरून ठेवावी लागते. म्हणजे कामगारांचं म्हणणं त्यांच्या हातावरच लिहिलेलं होतं.

हे घडतं कसं, तेही समजून घेऊ. सततच्या कंपनाने बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसा बिघडतात. गारठा लागला की रक्तवाहिन्या एकदम आकसतात. रक्त पोहोचत नाही, म्हणून बोटं पांढरी आणि बधिर. रक्त परत आलं की मुंग्या आणि आग. मग शर्टाचं बटण लावणंही अवघड होऊन बसतं.

त्रास वाढवणाऱ्या चार गोष्टी अ‍ॅलिस यांनी नोंदवल्या :

१. हातोडा न थांबता सलग चालवणे
२. तो फार घट्ट धरणे
३. झिजलेला, सैल झालेला हातोडा वापरणे
४. कामाच्या जागेची थंडी

बघा, यातली पकड तेवढी कामगाराच्या हातात आहे. विश्रांती, चांगलं अवजार आणि ऊब हे काम करून घेणाऱ्यानेच द्यायचं असतं.

हार्वर्ड आणि पुढे

१९१९ मध्ये त्या हार्वर्ड विद्यापीठातील पहिल्या महिला अध्यापक झाल्या. पण अटी काय होत्या? प्राध्यापकांच्या क्लबात यायचं नाही, पदवीदानाच्या मिरवणुकीत चालायचं नाही आणि फुटबॉल सामन्याची तिकिटं मागायची नाहीत! १९३५ मध्ये निवृत्त झाल्या, तोपर्यंत बढती मिळालीच नाही. तरी काम थांबलं नाही. १९४३ मध्ये त्यांचं आत्मचरित्र आलं. २२ सप्टेंबर १९७० रोजी, वयाच्या १०१व्या वर्षी त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षिततेचा देशव्यापी कायदा मंजूर झाला.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण १९७८ मध्ये संशोधक पुन्हा बेडफर्डला गेले, तेव्हा हा हातोडा चालवणाऱ्या दर दहा जणांपैकी साधारण आठ जणांची बोटं तशीच पांढरी पडत होती. साठ वर्षं कारण माहीत होतं, तरी!

आपण काय करू शकतो?

यंदा ते पालक पुन्हा भेटले. मी ते चार मुद्दे वहीच्या पानावर लिहून दिले. साधे हातमोजे ऊब देतात, कंपन फारसं अडवत नाहीत, हेही सांगितलं आणि डॉक्टरांना दाखवताना मशीनचं काम आवर्जून सांगा म्हटलं. त्यांनी कागद खिशात ठेवला. मशीन जुनं आहे, पण ते बदलणं ठेकेदाराच्या हातात आहे, असं म्हणाले. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

‘आपले मदतनीस’ हा पाठ शिकवताना मुलांना एवढं जरूर सांगा : आज घरी आई-बाबांचे हात बघा आणि हाताला काही त्रास होतो का, ते विचारा. दुसऱ्या दिवशी वर्गात मुलांचं ऐकून घ्या. मी हा उपक्रम घेतला, तेव्हा एकाच वर्गात तीन मुलांनी पांढऱ्या बोटांबद्दल सांगितलं. त्या तिन्ही घरी मी तो चार मुद्द्यांचा कागद पाठवला आहे.