अर्थशास्त्र मराठीत आणणारे आणि मास्तरही घडवणारे कृष्णशास्त्री चिपळूणकर

निबंधमालाकार विष्णुशास्त्री चिपळूणकर आपल्याला शाळेपासून माहीत असतात. पण अर्थशास्त्र मराठीत आणणाऱ्या पहिल्या काही लोकांत त्यांचे वडील होते, हे ठाऊक आहे का?

कृष्णशास्त्रींचा जन्म १८२४ चा. पुण्याच्या पाठशाळेत संस्कृत शिकून ते शास्त्री झाले आणि मग इंग्रजीकडे वळले. इंग्रजीत जॉन स्टुअर्ट मिलचा अर्थशास्त्रावरचा मोठा ग्रंथ १८४८ साली आला होता. मराठीत मात्र लोकहितवादींच्या 'लक्ष्मीज्ञान'सारखी मोजकीच पुस्तकं होती.

खरी अडचण शब्दांची होती. व्याज, नफा, भाव हे शब्द बाजारात रोजचेच. पण पैसा आणि संपत्ती एकच, असं बोलताना चालतं. शास्त्रात चालत नाही. तिथे प्रत्येक शब्दाचा अर्थ नेमका लागतो. १८५५ साली मिलच्या ग्रंथाच्या आधारे कृष्णशास्त्रींनी 'अर्थशास्त्रपरिभाषा' लिहिली.

पण नुसत्या पुस्तकाने विषय वर्गात पोहोचत नाही, त्यासाठी तयार मास्तर लागतो. कृष्णशास्त्री पुढे पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचे प्रिन्सिपल झाले. मराठी शाळांचे मास्तर तिथेच तयार व्हायचे. 'शालापत्रक' हे शिक्षणविषयक मासिकही त्यांनी चालवलं. १८७८ साली ते गेले.

आज बारामती तालुक्यातल्या कोऱ्हाळे बुद्रुकसारख्या गावात एखादे सर उसाचा दर आणि उत्पादन खर्च फळ्यावर मांडून नफ्यातोट्याचं गणित मराठीतच समजावू शकतात. ती वाट पाडणाऱ्यांत हे शास्त्रीबुवा होते.