डॉ. होमी भाभा

डॉ. होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईस झाला. त्यांनी यंत्रविद्या शिकावी ही वडिलांची इच्छा. त्यांचे चित्त मात्र पदार्थविज्ञानात. तरी केंब्रिज येथे यंत्रविद्येची परीक्षा पहिल्या वर्गात देऊन मगच त्यांनी आपला मार्ग धरिला.

वाचकहो, कोरडी फणी केसांत फिरवून कागदाच्या कपट्यांजवळ धरिली, तर ते स्पर्शावाचून उडून येतात. कारण विद्युत्भाराभोवती क्षेत्र असते, आणि त्यात आलेल्या दुसऱ्या भारावर ते जोर करिते. सजातीय भार लोटले जातात, विजातीय ओढले जातात; अंतर दुप्पट होताच जोर चौथाई उरतो. ऋणभारी इलेक्ट्रॉन व धनभारी पॉझिट्रॉन हे अतिसूक्ष्म कण वेगाने एकमेकांजवळून जाताना कसे वळतात, याचे गणित भाभांनी १९३५ साली मांडिले. त्या क्रियेस जगभर त्यांचेच नाव आहे.

१९३९ साली ते सुटीत स्वदेशी आले, तोच महायुद्ध पेटले व परतीची वाट खुंटली. ते खचले नाहीत. बंगळुरास काम करू लागले. १९४५ साली त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापिली. युद्ध संपल्यावर वाट मोकळी झाली, तरी ते येथेच राहिले. २४ जानेवारी १९६६ रोजी आल्प्स पर्वतात विमान कोसळून त्यांचा अंत झाला. खुंटलेल्या वाटेवरही हाती घेतलेले काम फळास येते, हे त्यांच्या चरित्रावरून दिसते.