फ्लूतून वाचला, पण छातीचं दुखणं ४२ वर्षं पुरलं : 'द माल्टीज फाल्कन' लिहिणाऱ्या डॅशियल हॅमेटची गोष्ट

१९१८ च्या फ्लूचा विषय निघाला की मृतांचे आकडे सांगितले जातात. जगभरात कोट्यवधी माणसं गेली, एकट्या भारतात एक कोटीहून जास्त. पण जे वाचले, त्यांचं पुढे काय झालं? अमेरिकन रहस्यकथाकार डॅशियल हॅमेटचं आयुष्य हे त्याचं एक उत्तर आहे.

हॅमेटचा जन्म १८९४ चा, मेरीलँड राज्यातला. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे शाळा लवकर सुटली. १९१५ मध्ये तो पिंकर्टन या खासगी गुप्तहेर कंपनीत लागला. तासन्‌तास पाळत ठेवायची, संशयिताच्या मागावर राहायचं, असं ते धडधाकट माणसाचं काम.

१९१८ मध्ये तो लष्कराच्या अँब्युलन्स दलात भरती झाला. युरोपातल्या युद्धावर जाण्याची वेळ आलीच नाही. मेरीलँडमधल्याच कॅम्प मीड छावणीत ऑक्टोबरमध्ये त्याला फ्लूने गाठलं, पाठोपाठ न्यूमोनिया झाला. जीव वाचला, पण मे १९१९ मध्ये क्षयरोगाचं निदान झालं आणि लष्कराने त्याला घरी पाठवलं. वय होतं जेमतेम २५.

फुफ्फुसांत नेमकं काय होतं?

फ्लूचा विषाणू श्वासनलिकेच्या आणि हवेच्या पिशव्यांच्या आतल्या अस्तरावर हल्ला करतो. अस्तर खराब झालं की जिवाणूंना वाट मोकळी होते आणि न्यूमोनिया बळावतो. ताप उतरला तरी ही झीज भरून यायला अनेक महिने लागू शकतात. काहींच्या फुफ्फुसांवर कायमचे व्रण राहतात आणि थोडं चाललं तरी धाप लागते. शिवाय अशा अशक्तपणात शरीरात दबून बसलेला क्षयरोगही डोकं वर काढू शकतो.

तेव्हा पेनिसिलिन नव्हतं, क्षयावरचं औषधही नव्हतं. उपचार म्हणजे विश्रांती, मोकळी हवा आणि चांगलं खाणं.

नोकरी सुटली, लेखणी हाती आली

हॅमेट पुन्हा पिंकर्टनमध्ये गेला, पण शरीर साथ देईना. १९२० मध्ये तो टकोमाच्या रुग्णालयात दाखल झाला. तिथेच परिचारिका जोसेफिन डोलनशी त्याची ओळख झाली आणि १९२१ मध्ये दोघांनी सॅन फ्रान्सिस्कोत लग्न केलं. गुप्तहेराची नोकरी मात्र लवकरच कायमची सुटली.

बसून करता येईल असं काम हवं होतं. तो लिहू लागला आणि १९२२ पासून त्याच्या कथा छापून येऊ लागल्या. १९२६ मध्ये एका जवाहिऱ्याकडे जाहिराती लिहिण्याची पगारी नोकरी मिळाली, पण काही महिन्यांतच तो ऑफिसात रक्ताची उलटी होऊन कोसळला. मुलींना संसर्ग होऊ नये म्हणून बायको-मुलींपासून वेगळं राहण्याची वेळ आली.

याच काळात त्याने 'रेड हार्वेस्ट' (१९२९) आणि 'द माल्टीज फाल्कन' (१९३०) लिहिल्या. रस्त्यावरची खरी गुन्हेगारी रहस्यकथेत आणणारा लेखक म्हणून त्याचं नाव झालं. १९३४ च्या 'द थिन मॅन'नंतर मात्र त्याची एकही कादंबरी आली नाही.

शेवटपर्यंत श्वासाशी झुंज

१९४२ मध्ये, ४८ व्या वर्षी, तो पुन्हा लष्करात गेला आणि अलास्काजवळच्या कडाक्याच्या थंडीतल्या अल्यूशन बेटांवर राहिला. सिगारेट आणि दारूने तब्येत आणखी खालावली. फुफ्फुसं फुगून निकामी होण्याचा एम्फिसीमा हा आजार जडला. १० जानेवारी १९६१ रोजी न्यूयॉर्कमध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगाने त्याचं निधन झालं.

या सगळ्याचं खापर एकट्या फ्लूवर फोडता येणार नाही. क्षय आणि धूम्रपान यांचाही त्यात वाटा होता. पण दुखावलेल्या फुफ्फुसांना सावरायला वेळ, देखरेख आणि धूरमुक्त हवा लागते. आज एक्स-रे, सीटी स्कॅन, श्वसनक्षमतेची चाचणी आणि श्वासाचे व्यायाम उपलब्ध आहेत. त्यामुळे गंभीर न्यूमोनियातून उठल्यावर महिने उलटूनही धाप लागत असेल, तर 'अशक्तपणा आहे, जाईल' म्हणून गप्प न बसता डॉक्टरांना दाखवलेलं बरं.