दानश्रेष्ठ अनाथपिंडिक

सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी कोसल देशाची राजधानी असलेल्या श्रावस्ती नगरीत सुदत्त नावाचा धनाढ्य श्रेष्ठी राहत होता. निराधारांना अन्न देणारा म्हणून लोक त्याला अनाथपिंडिक म्हणू लागले आणि पुढे त्याचे मूळ नाव मागे पडले. भगवान बुद्धांच्या गृहस्थ उपासकांमध्ये दानात अग्रस्थान त्यालाच दिले जाते.

एकदा तो राजगृहास आपल्या मेहुण्याकडे गेला होता. घरात मोठी लगबग चालली होती, कारण दुसऱ्या दिवशी बुद्ध भिक्खुसंघासह भोजनास येणार होते. हे कळल्यावर सुदत्ताला रात्रभर झोप लागली नाही. उजाडण्यापूर्वीच तो सीतवनात पोहोचला, धम्म ऐकून उपासक झाला आणि त्याने तथागतांना श्रावस्तीस येण्याची विनंती केली.

विहारासाठी त्याला राजकुमार जेताचे उद्यान पसंत पडले. सारी भूमी नाण्यांनी झाकली तरी देणार नाही, असे जेत म्हणाला. सुदत्ताने तोच भाव ठरला असे मानले. वाद न्यायाधिकाऱ्यांपुढे गेला आणि निवाडा सुदत्ताच्या बाजूने लागला. गाड्या भरभरून नाणी आली. शेवटी प्रवेशाजवळचा लहानसा तुकडा उघडा राहिला, तेव्हा ते औदार्य पाहून जेताने तो स्वतःहून दिला आणि तेथे द्वार उभारले. भारहूतच्या स्तूपावर हा प्रसंग कोरलेला आहे. याच जेतवनात बुद्धांनी १९ वर्षावास केल्याचे परंपरा सांगते.

एवढे देणाऱ्या या गृहपतीने व्यापार मात्र सोडला नाही. बुद्धांनीही त्याला तसे सांगितले नाही. कष्टाने आणि सन्मार्गाने मिळवलेल्या धनाने मनुष्याने स्वतःला, आईवडिलांना, पत्नी-मुलांना आणि सेवकांना सुखी करावे. मित्रांना साहाय्य करावे. संकटासाठी तरतूद ठेवावी. नातलग, अतिथी व राज्य यांच्याविषयीची कर्तव्ये पार पाडावीत आणि सत्पुरुषांना दान द्यावे, असा उपदेश अंगुत्तर निकायात त्यालाच उद्देशून आला आहे. असा विनियोग झालेले धन पुढे गेले तरी पश्चात्ताप होत नाही, हेही तेथे सांगितले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात या उपासकाच्या धम्मदीक्षेला स्वतंत्र प्रकरण दिले, ते अर्थपूर्ण आहे.

जातककथेत त्याच्या एका बालमित्राची हकिकत येते. दोघे धुळीत एकत्र खेळलेले आणि एकाच गुरूजवळ शिकलेले. त्या मित्राचे नाव होते काळकण्णी, म्हणजे अभागी. दारिद्र्याने गांजलेल्या या मित्राला सुदत्ताने घरी आणून कारभार सोपवला. अशा नावाचा माणूस घरात नको, असे आप्तांनी परोपरीने सांगितले. नाव ही केवळ ओळखीची खूण आहे, असे उत्तर देऊन त्याने ते सारे आक्षेप बाजूला सारले. पुढे सुदत्त परगावी असताना दरोडेखोरांनी घराला वेढा घातला, तेव्हा याच मित्राने प्रसंगावधान राखून घर वाचवले.

कालांतराने वैभव ओसरले. व्यापाऱ्यांना कर्जाऊ दिलेले १८ कोटी परत आले नाहीत आणि अचिरवतीच्या काठी पुरलेले १८ कोटी पुरात वाहून गेले, असे अट्ठकथा सांगते. पंचपक्वान्नांच्या जागी कण्यांची पेज आली, तरी दान थांबले नाही. आपण आता रूक्ष अन्न देतो याची त्याला खंत वाटे. तेव्हा अन्न साधे असले तरी ते आदराने व आपल्या हाताने द्यावे, हे बुद्धांनी त्याला समजावले.

अखेरच्या आजारात सारिपुत्त आणि आनंद त्याला भेटले. सारिपुत्तांचा अनासक्तीवरील गहन उपदेश ऐकून तो रडला. इतकी वर्षे सेवा करूनही असे काही कानी पडले नव्हते. हा उपदेश गृहस्थांनाही मिळावा, त्यांच्यातही समजू शकणारे आहेत, अशी विनंती त्याने केली. मृत्युशय्येवरही त्याने मागितले ते इतरांसाठीच.

आपल्या विद्यालयाचे माजी विद्यार्थी आज अनेक क्षेत्रांत यशस्वी झाले आहेत. एकाच पंगतीत जेवलेला एखादा सोबती मात्र मागे राहिला असेल. त्याचा शोध घ्यावा, त्याच्या मुलाच्या शिक्षणाला हात द्यावा. ज्यांचे दिवस अद्याप कण्यांच्या पेजेचे आहेत, त्यांनीही आपले देणे लहान मानू नये.