कारावाज्जो : छायाप्रकाशाचा चित्रकार

१. उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला –
• इटालियन चित्रकार कारावाज्जो याच्या जीवनातील प्रमुख टप्पे सांगता येतील.
• त्याच्या चित्रांतील प्रकाश व काळोख यांचे कार्य स्पष्ट करता येईल.
• चरित्रनायकाचे जीवन आणि त्याची कलाकृती यांचा संबंध जोडताना बाळगावयाची सावधगिरी समजून घेता येईल.

२. प्रस्तावना

विद्यार्थी मित्रांनो, चरित्रलेखनाच्या साधनांचा विचार करताना चरित्रनायकाची पत्रे, रोजनिशी आणि आठवणी यांना आपण अग्रस्थान देतो. परंतु ज्याने आठवणी लिहिल्या नाहीत, आपल्या कलेविषयी ग्रंथ रचला नाही आणि ज्याची तयारीची रेखाटनेही आज उपलब्ध नाहीत, त्याचे चरित्र कशाच्या आधारे लिहावयाचे? कारावाज्जो (१५७१–१६१०) हा असा चरित्रनायक आहे. त्याच्याविषयी आपल्या हाती आहेत ती त्याची चित्रे, काही करारपत्रे, इतरांनी लिहिलेली चरित्रे आणि न्यायालयीन कागदपत्रे. यांपैकी शेवटच्या साधनाची मर्यादा सुरुवातीलाच ध्यानात घ्यावी. माणूस ज्या दिवशी भांडतो, त्या दिवसाची नोंद न्यायालयात होते. ज्या दिवशी तो शांतपणे काम करतो, त्या दिवसाची होत नाही. हिंसक माणसाने आपल्या मनातला अंधार चित्रांत उतरवला, ही कारावाज्जोची लोकप्रिय प्रतिमा अशा नोंदींतून घडली आहे. ती कितपत खरी आहे, हे आपण या घटकात तपासून पाहू.

३. बालपण आणि उमेदवारी

कारावाज्जो हे त्याचे मूळ नाव नव्हे. मिकेलांजेलो मेरिसी हे त्याचे नाव. उत्तर इटलीतील ज्या गावाशी त्याच्या घराण्याचा संबंध होता, त्या गावाच्या नावाने तो पुढे ओळखला गेला. त्याचा जन्म १५७१ साली मिलान येथे झाला. त्याचे वडील कारावाज्जोच्या मार्क्विसच्या पदरी नोकरीस होते. १५७६ साली मिलानमध्ये प्लेगची साथ आली, तेव्हा कुटुंबाने कारावाज्जो गावी आश्रय घेतला. तथापि साथीने तेथेही गाठले. १५७७ साली वडील आणि आजोबा दगावले. तेव्हा तो जेमतेम सहा वर्षांचा होता.

१५८४ साली मिलानमधील सिमोने पेतेर्झानो या चित्रकाराकडे चार वर्षांच्या कराराने त्याने उमेदवारी सुरू केली. लिओनार्दो दा विंची याने याच मिलानमध्ये दीर्घकाळ काम केले होते, आणि रात्रीची, दिव्याच्या उजेडातील दृश्ये रंगविण्याची परंपरा या प्रदेशात आधीपासून होती. म्हणजे छायाप्रकाशाचे तंत्र कारावाज्जोने शून्यातून निर्माण केले नाही; त्याचे संस्कार त्याला उमेदवारीच्या काळातच लाभले असले पाहिजेत.

४. रोममधील उदय

पुढे तो रोमला आला. सुरुवातीच्या हलाखीत जुझेप्पे चेझारी या नामवंत चित्रकाराच्या चित्रशाळेत त्याने फुले व फळे रंगविण्याचे काम केले. नंतर कार्डिनल देल मोंते याचा आश्रय मिळाला आणि १५९९ साली सान लुइजी देई फ्रांचेझी या चर्चमधील एका प्रार्थनाकक्षासाठी चित्रे रंगविण्याचे काम त्याच्याकडे आले. संत मॅथ्यूच्या जीवनावरील या चित्रांनी त्याचे नाव रोमभर झाले.

त्यांपैकी ‘संत मॅथ्यूला आलेली हाक’ हे चित्र लक्षपूर्वक पाहू. मॅथ्यू हा करवसुली करणारा. एका अंधाऱ्या खोलीत पाच माणसे मेजाभोवती पैसे मोजत बसली आहेत. त्यांचे कपडे कारावाज्जोच्या काळातील आहेत. उजवीकडून ख्रिस्त व पीटर आत आले आहेत. ख्रिस्ताचे बहुतेक शरीर अंधारात असून त्याचा चेहरा व पुढे केलेला हात तेवढा दिसतो. त्या हाताच्या वरून प्रकाशाचा तिरपा पट्टा भिंतीवर उतरतो आणि मेजावरील माणसांचे चेहरे उजळतो. चित्रात एक खिडकी आहे, परंतु प्रकाश तिच्यातून येत नाही. तो ख्रिस्ताच्या दिशेने येतो. प्रार्थनाकक्षातील वेदीवरची खरी खिडकीही चित्राच्या त्याच बाजूला आहे. प्रसंगातील हाक शब्दाने न दाखवता प्रकाशाने दाखविली आहे. मेजावरील नेमका मॅथ्यू कोणता, दाढीवाला की मान खाली घालून नाणी मोजणारा तरुण, याविषयी अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. प्रकाश सर्वांवर पडतो. तो ओळखणे मात्र ज्याचे त्याच्यावर सोपवलेले आहे.

५. छायाप्रकाशाची रीत

चित्रातील उजेड-अंधाराच्या योजनेस इटालियन भाषेत ‘कियारोस्कुरो’ म्हणतात. ‘कियारो’ म्हणजे उजळ आणि ‘स्कुरो’ म्हणजे काळोखा. आपला ‘छायाप्रकाश’ हा शब्दही असाच दोन विरुद्धार्थी पदांचा समास आहे. पूर्वीच्या चित्रकारांनी हे तंत्र प्रामुख्याने वस्तूला गोलाई देण्यासाठी वापरले; त्यांच्या चित्रांत उजेड हळूहळू सावलीत विरत जातो. कारावाज्जोने मधल्या छटा कमी केल्या, पार्श्वभूमी काळोखात बुडविली आणि एकाच दिशेच्या प्रखर प्रकाशात आकृत्या उभ्या केल्या. या टोकाच्या पद्धतीला ‘तेनेब्रिझम’ अशी संज्ञा आहे.

ही पद्धत प्रत्यक्षात कशी साधली जाई, याचे वर्णन जुन्या चरित्रकारांनी केले आहे. बंदिस्त, गडद भिंतींच्या खोलीत उंचावरून येणाऱ्या एकाच प्रकाशात तो माणसांना बसवीत असे. चित्रफलकावर प्रथम गडद थर देऊन, त्या ओल्या थरात काही ठिकाणी ब्रशच्या दांड्यासारख्या टोकाने खुणा कोरून तो थेट रंगवू लागे. या संदर्भात घरभाड्याच्या कागदपत्रांतील एक तपशील बोलका आहे. १६०४ साली त्याने रोममध्ये घर भाड्याने घेतले, तेव्हा मोठ्या खोलीचे अर्धे छत उघडण्याची मुभा त्याने करारात मागून घेतली होती. वरून प्रकाश यावा, यासाठीच ही तजवीज असावी, असे अनुमान केले जाते. पुढे भाडे थकले, घरमालकिणीने छताच्या नुकसानीसह दावा केला आणि याने रात्री तिच्या खिडकीवर दगड मारले. एकाच घरासंबंधीच्या या कागदांत भांडखोर भाडेकरू दिसतो आणि प्रकाशाचा काटेकोर विचार करणारा कारागीरही दिसतो. चरित्रकाराने दोघांकडेही पाहिले पाहिजे.

६. नाकारलेली चित्रे

कारावाज्जोचा प्रकाश कोणावर पडतो, हा प्रश्न त्याच्या समकालीनांना अधिक खटकला. संत, प्रेषित आणि देवमाता यांच्यासाठी त्याने रस्त्यावरची साधी माणसे समोर बसविली. एका चित्रात मेरीपुढे गुडघे टेकलेल्या यात्रेकरूचे मळलेले तळवे पाहणाऱ्याच्या अगदी समोर येतात. ‘मेरीचा मृत्यू’ या चित्रात तिचे शरीर सुजलेले आणि पाय उघडे आहेत. स्वर्गारोहणाची कोणतीही खूण नाही, केवळ शोक करणारी माणसे आहेत. ज्या चर्चसाठी ते रंगविले, तेथील धर्मगुरूंनी ते नाकारले. रुबेन्स या चित्रकाराच्या शिफारशीवरून ते मांटुआच्या ड्यूकने विकत घेतले. आज ते पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात आहे.

७. खून, पलायन आणि अखेर

२८ मे १६०६ रोजी रोममध्ये झालेल्या मारामारीत कारावाज्जोच्या हातून रानुच्चो तोमास्सोनी हा तरुण ठार झाला. मृत्युदंडाची शिक्षा डोक्यावर घेऊन तो नेपल्सला आणि तेथून माल्टा बेटावर गेला. १६०८ च्या जुलैमध्ये त्याला तेथील धर्मयोद्ध्यांच्या संघात सरदारकी मिळाली. ‘संत जॉनचा शिरच्छेद’ हे त्याचे सर्वांत मोठे चित्र तेथील आहे. त्यात माणसे एका बाजूला दाटलेली असून उरलेला भाग तुरुंगाच्या रिकाम्या भिंतीने व्यापला आहे. जॉनच्या मानेतून वाहिलेल्या रक्तात चित्रकाराने आपले नाव लिहिले आहे. त्याची स्वाक्षरी असलेले हे एकमेव चित्र होय. त्याच वर्षी नव्या भांडणामुळे तो कैदेत पडला, निसटला आणि डिसेंबरमध्ये संघातून त्याची हकालपट्टी झाली. ती ज्या सभागृहात झाली, तेथेच हे चित्र लावलेले होते.

सिसिलीत सिराक्युझ, मेस्सिना, पालेर्मो असे फिरत तो नेपल्सला परतला. तेथे १६०९ साली झालेल्या हल्ल्यात त्याचा चेहरा जखमी झाला. त्याच्या ‘डेव्हिड आणि गोलायथचे शिर’ या चित्रातील कापलेल्या शिराला त्याने स्वतःचा चेहरा दिला, असे मानले जाते. क्षमा मिळण्याच्या आशेने रोमकडे परतत असताना जुलै १६१० मध्ये पोर्तो एर्कोले येथे त्याचा मृत्यू झाला. त्या वेळी तो ३८ वर्षांचा होता.

८. चरित्र आणि चित्र

आता प्रारंभीच्या प्रश्नाकडे वळू. मॅथ्यूच्या जीवनावरील पहिली दोन चित्रे १६०० साली पूर्ण झाली होती. खून १६०६ सालचा. तेव्हा चित्रांतील काळोख ही त्या गुन्ह्याची सावली आहे, असे म्हणता येत नाही. तो विचारपूर्वक निवडलेला काळोख आहे. उलट, पलायनानंतरच्या चित्रांत रिकामी जागा वाढते, रंगांचे थर पातळ होतात आणि गडद थर अनेक ठिकाणी उघडाच राहतो, हेही खरे. त्यामागे भयग्रस्त मन असेल, तसेच घाईने काम संपविण्याची गरजही असेल. जीवन आणि कला यांचा संबंध असतो. पण कालक्रम तपासल्यावाचून तो जोडू नये.

आणखी एक बाब. त्याच्या प्रमुख चरित्रकारांपैकी जोव्हान्नी बाल्योने याने १६०३ साली कारावाज्जोवर बदनामीचा खटला भरला होता. त्याने लिहिलेले चरित्र १६४२ साली प्रसिद्ध झाले. प्रतिस्पर्ध्याची साक्ष टाकून देऊ नये, परंतु ती कोणाची आहे हे विसरूनही वाचू नये.

९. सारांश

कारावाज्जोने प्रकाशाला प्रसंगाचा अर्थ सांगण्याचे काम दिले आणि तो प्रकाश सामान्य माणसांच्या चेहऱ्यांवर पाडला. आर्तेमिसिया जेंतिलेस्की, रिबेरा, जॉर्ज द ला तूर आणि हॉलंडमधील अनेक चित्रकारांनी त्याचा वारसा चालविला. नंतर दीर्घकाळ उपेक्षित राहिलेल्या या चित्रकाराला १९५१ साली मिलानमध्ये भरलेल्या प्रदर्शनाने पुन्हा लोकांसमोर आणले. त्याने केलेला खून चरित्रातून वगळता येत नाही आणि त्याची चित्रे त्या खुनाचा कबुलीजबाब म्हणून वाचता येत नाहीत. या दोन्ही गोष्टी एकत्र सांभाळणे हे चरित्रकाराचे अवघड काम होय.

१०. स्वाध्याय

१. ‘संत मॅथ्यूला आलेली हाक’ या चित्रातील प्रकाशाचे कार्य पाच-सहा वाक्यांत स्पष्ट करा.
२. न्यायालयीन कागदपत्रे हे चरित्राचे साधन म्हणून उपयुक्त कसे आणि अपुरे कसे, ते सोदाहरण लिहा.
३. उपक्रम : अंधाऱ्या खोलीत घरातील एखाद्या व्यक्तीच्या चेहऱ्याच्या एका बाजूला, किंचित उंचावर दिवा धरा. चेहऱ्याचा कोणता भाग दिसतो व कोणता लपतो, याचे निरीक्षण करून दहा ओळी लिहा.