मल्ल आणि वस्ताद : खाशाबा जाधव

जालना जिल्ह्यातील आपल्या या अंबड परिसरात कुस्तीचे वेड काही नवे नाही. जत्रा म्हटली की कुस्त्यांचा फड आलाच, आणि हलगी वाजू लागली की म्हाताऱ्यांनाही स्फुरण चढते. परंतु फडातील नारळ आणि फेटा यापलीकडे पैलवानाच्या आयुष्यात पुढे काय होते, याचा विचार आपण क्वचितच करतो. म्हणूनच यंदाच्या अंकासाठी मी खाशाबा जाधव यांचे चरित्र निवडले. त्यांचे पदक सर्वांना ठाऊक आहे. त्या पदकामागचे आणि त्यानंतरचे आयुष्य मात्र फारसे कोणी सांगत नाही.

खाशाबांचा जन्म 15 जानेवारी 1926 रोजी सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या गोळेश्वर या खेड्यात झाला. वडील दादासाहेब स्वतः नामांकित पैलवान. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. वयाच्या पाचव्या वर्षापासून वडिलांनीच त्यांना आखाड्यात उतरविले. म्हणजे पहिला वस्ताद घरातलाच. शालेय शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाले. त्याच काळात 1942 च्या चळवळीत भूमिगतांना आसरा देणे, निरोप पोहोचविणे ही कामेही त्यांनी केली. पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. तेथे गोविंद पुरंदरे यांनी त्यांच्यातील मल्ल ओळखला व घडविला.

1948 साली लंडन ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली. प्रवासखर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. पण खरी अडचण पैशाची नव्हती. आपली कुस्ती लाल मातीतली. मातीत पाय रोवता येतो, पकड बसते, आणि प्रतिस्पर्ध्याला चीतपट केले की निकाल लागतो. तिकडे कुस्ती गादीवरची. तेथे पाय सरकतो, वेळ मोजली जाते, आणि नियमही वेगळे. खाशाबा याआधी गादीवर कधी खेळलेच नव्हते! अमेरिकेचे माजी विजेते रीस गार्डनर यांनी लंडनमध्ये त्यांना गादीवरच्या कुस्तीचे धडे दिले. तेवढ्या अल्प शिकवणीवर या खेडवळ तरुणाने ऑस्ट्रेलियाच्या व अमेरिकेच्या मल्लांना हरविले आणि फ्लायवेट गटात सहावा क्रमांक मिळविला. योग्य वेळी योग्य शिक्षक भेटला तर काय घडू शकते, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

पुढील चार वर्षे त्यांनी अविश्रांत मेहनत केली. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी ते वरच्या, म्हणजे बँटमवेट गटात उतरले. जाण्यासाठी पैसे नव्हते. सरकारदरबारी खेटे घालूनही पुरेशी मदत मिळेना. गावकऱ्यांनी वर्गणी जमविली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. आपल्या विद्यार्थ्यासाठी घर गहाण टाकणारा प्राचार्य! या वाक्याशी मी वाचता वाचता थांबलो. आपल्या गुरुजनांनीही येथे क्षणभर थांबावे, ही नम्र विनंती.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको व जर्मनीच्या मल्लांना नमविले. पुढे सोव्हिएत संघाच्या रशीद मामादबेयोव्हशी हार झाली. जपानचा शोहाची इशी सुवर्णपदकाचा मानकरी ठरला, आणि खाशाबांना कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. कोल्हापूरचेच केशव माणगावे त्याच वर्षी फेदरवेट गटात चौथे आले, हेही विसरता कामा नये. परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक गोळेश्वरपर्यंत निघाली. मिरवणूक संपताच खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरविले, आणि त्या पैशांतून प्राचार्यांचे गहाण पडलेले घर सोडविले. मला तर पदकाइतकेच हे कृत्य मोलाचे वाटते.

1955 साली ते पोलीस दलात उपनिरीक्षक झाले. तेथेही त्यांनी खात्यांतर्गत कुस्त्या जिंकल्या आणि पुढे क्रीडा प्रशिक्षक म्हणून तरुणांना शिकविले. एके काळी ज्याला गादीची ओळख परक्या देशात करून घ्यावी लागली, तोच आता इतरांचा वस्ताद झाला. मात्र सुमारे सत्तावीस वर्षांच्या नोकरीत बढती फार उशिरा मिळाली. साहाय्यक पोलीस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले, तरी निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले. 1982 च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धेत मशाल नेणाऱ्यांत त्यांना स्थान मिळाले, एवढाच काय तो सन्मान. 14 ऑगस्ट 1984 रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मरणोत्तर. 2010 साली दिल्लीतील कुस्तीच्या क्रीडागृहाला त्यांचे नाव देण्यात आले.

त्यांच्यानंतर भारताला दुसरे वैयक्तिक पदक मिळण्यास 1996 साल उजाडावे लागले, आणि कुस्तीतले पदक 2008 साली आले. महाराष्ट्राला तर 2024 पर्यंत, म्हणजे बहात्तर वर्षे वाट पाहावी लागली. पॅरिसला नेमबाजीत पदक मिळविणारे स्वप्नील कुसाळेही कोल्हापूर जिल्ह्यातलेच. या बहात्तर वर्षांत आपल्या खेड्यांत ताकदीची मुले जन्मली नाहीत, असे कोण म्हणेल? मला वाटते, कमी पडले ते पुरंदरे, गार्डनर आणि खर्डेकर. अंगात रग असलेली मुले आपल्या मराठवाड्यातही आहेत. त्यांना गादी हवी, जाणता वस्ताद हवा, आणि खेळ संपल्यावर त्यांच्याकडून शिकून घेणारी व्यवस्था हवी. गावोगावच्या जुन्या पैलवानांना आपण जत्रेत फेटा बांधतो. त्यांना तालमीत शिकवायला बोलावणे अधिक शहाणपणाचे ठरेल. आपल्या महाविद्यालयाने याचा अवश्य विचार करावा, असे सुचवून मी या थोर मल्लास विनम्र अभिवादन करतो.