मुंबईच्या ट्राममुळे अलिबागला आली वेधशाळा! कोण होते नानाभॉय मूस?

अलिबाग : समुद्रावर फिरायला गेलेल्या बहुतेकांनी अलिबागची चुंबकीय वेधशाळा बाहेरून पाहिलेली असते. आत काय चालतं आणि ती इथेच का आली, हे मात्र फार जणांना ठाऊक नसतं. तिच्यामागे एका पारशी शास्त्रज्ञाची चिकाटी आहे. त्यांचं नाव नानाभॉय अर्देशीर फ्रामजी मूस.

मूस यांचा जन्म १८५९ चा, ऑक्टोबर महिन्यातला. पुण्याच्या सायन्स कॉलेजात त्यांनी इंजिनिअरिंग केलं, मग स्कॉटलंडमध्ये एडिंबरा विद्यापीठातून विज्ञानाची पदवी घेतली. परत आल्यावर मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात ते शिकवत होते. १८९६ साली ते मुंबईतल्या कुलाबा वेधशाळेचे संचालक झाले. त्या खुर्चीवर बसलेले ते पहिले भारतीय.

या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालू होती. आपले कोळी बांधव होकायंत्र बघून दिशा काढतात. त्याची सुई ज्या ताकदीने उत्तरेला वळते ती ताकद कायम एकसारखी नसते. दिवसभरात ती किंचित कमी-जास्त होते आणि सूर्यावरून वादळ आलं की चांगलीच हलते. ही हालचाल टिपायला सुईसारख्या बारीक चुंबकाला छोटा आरसा लावत. आरशावर पडलेला उजेड परावर्तित होऊन घड्याळाच्या चालीवर फिरणाऱ्या फोटोच्या कागदावर पडायचा. चुंबक हलला की कागदावरची रेघ वरखाली व्हायची. मग कारकून पट्टी लावून ती रेघ वाचायचे आणि तासातासाचे आकडे वहीत उतरवायचे. चित्रातून आकडे काढायचं जे काम आज संगणक चुटकीसरशी करतो, ते तेव्हा माणसं डोळ्यांनी करत होती.

विसाव्या शतकाच्या तोंडावर मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचं ठरू लागलं. लोकांची सोय होणार होती, पण वेधशाळेचं काम धोक्यात आलं. ट्रामची वीज रुळातून परत जाताना थोडी जमिनीत झिरपते. वीज वाहते तिथे चुंबकत्व तयार होतं. म्हणजे कागदावरच्या रेघेत सूर्य किती आणि ट्राम किती, हे सांगणं अवघड झालं असतं. साठ वर्षांची मालिका तिथेच बिघडली असती.

मूस यांनी ट्राम अडवून धरली नाही. त्यांनी नवी जागा शोधली. मुंबईपासून साधारण ३० किलोमीटरवर, खाडीपलीकडे अलिबाग होतं. विजेची ट्राम नाही, गोंगाट नाही. गंमत म्हणजे तेव्हा आपल्या जिल्ह्याचं नावही कुलाबाच होतं. म्हणजे मुंबईच्या कुलाब्यातलं काम आपल्या कुलाब्यात आलं! पोरबंदरी दगड निवडून घेऊन, लोखंड कुठेही येणार नाही अशी काळजी घेत इमारत उभी राहिली. आतलं तापमान फारसं बदलू नये, अशीही बांधणी केली.

१९०४ मध्ये अलिबागला मोजणी सुरू झाली. मूस यांनी लगेच मुंबईला कुलूप लावलं नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी चालू ठेवली. जागा बदलली की आकड्यांत फरक पडतोच. तो फरक नेमका किती, हे कळलं तरच जुने आणि नवे आकडे एका माळेत ओवता येतात. त्यानंतरच मुंबईची मोजणी थांबली. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली, तोवर सगळं सुरक्षित झालं होतं.

पुढे त्यांनी १८४६ ते १९०५ या काळातल्या नोंदी तपासून १९१० मध्ये दोन मोठे खंड छापले. तासाला एक आकडा धरला तरी एका मापाचे वर्षाला ८,७६० आकडे होतात. अशी साठ वर्षं, आणि सगळा हिशेब हाताने! जगभरचे अभ्यासक आजही ते खंड चाळतात. १९१९ मध्ये मूस निवृत्त झाले आणि १९३६ मध्ये वारले.

याचा आपल्याला काय उपयोग? १३ मार्च १९८९ ला कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात सूर्यावरच्या वादळामुळे लांब पल्ल्याच्या वीजवाहिन्यांत नको तो प्रवाह शिरला. दोनेक मिनिटांच्या आत सगळं वीजजाळं कोसळलं. साधारण ६० लाख लोकांची लाइट नऊ तास गेली. आज वीजजाळ्याचा भार कुठून कुठे वळवायचा, हे ठरवायला संगणकाची मदत घेतात. पण सर्वांत मोठा झटका केवढा असू शकतो, हे त्या संगणकाला जुन्या नोंदीच सांगणार. मूस जन्मले त्याच वर्षी, सप्टेंबर १८५९ मध्ये, प्रचंड सौर वादळ आलं होतं. मुंबईच्या कुलाब्यात कर्मचाऱ्यांनी डोळ्यांनी बघून त्याची नोंद केली होती. सुमारे १,६०० नॅनोटेस्लाची ती घसरण २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी पुन्हा अभ्यासली. त्या अभ्यासात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे शास्त्रज्ञही होते. १९७१ पासून अलिबागची वेधशाळा याच संस्थेकडे आहे.

आता मुंबई अलिबागच्या दारात आली आहे. रो-रो आली, अटल सेतू झाला, बांधकामं वाढली. विकास हवाच, त्याला कोण नाही म्हणेल? पण वेधशाळेच्या आसपास काहीही उभारताना तिची शांतता हिशेबात धरायला हवी. ही मोजणी पुन्हा कुठे हलवायची वेळ आली, तर मूस यांच्यासारखी दोन्हीकडे एकत्र मोजणी करावी लागेल. आणि लोखंड, वीज, गर्दी यांपासून दूर असलेली जागा आता किनाऱ्यावर सहज सापडणार नाही.